अब्बांची वही

२०२४ च्या रमजानमधली गोष्ट. हजसाठी साठवलेले पैसे किती झाले ते एकदा बघावं म्हणून शाळेतून येताना मी अब्बांचं पासबुक भरून आणलं. मशीनमधून निघालेलं पान वाशी स्टेशनच्या बाहेर रिक्षाच्या रांगेत उभी राहून दोनदा वाचलं. चार लाख दहा हजारांची मुदत ठेव डिसेंबरमध्येच मोडलेली होती. शिल्लक नऊशे छत्तीस रुपये.

अब्बांनी पंचवीस वर्षं मसाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर हिशेब लिहिले. लाल कापडाच्या वहीत त्यांनी कधी खाडाखोड केली नाही. मोबाइलवरून बँक चालवायची मात्र त्यांना भीती, म्हणून ते काम धाकट्याकडे होतं. माझा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. कुरिअर कंपनीत नोकरीला. घरातला सगळ्यात हसरा माणूस.

त्याचा नाद आम्हाला अगदीच ठाऊक नव्हता असं नाही. २०२३ च्या विश्वचषकानंतर त्याच्यावर दीड लाखाचं कर्ज निघालं. अब्बांनी कुणाकुणाकडून घेऊन ते फेडलं, अम्मीने त्याला कुराणावर हात ठेवून कसम घ्यायला लावली आणि प्रश्न मिटला असं आम्ही समजलो. तीन आठवड्यांत तो पुन्हा खेळायला लागला होता, हे पासबुकाने सांगितलं.

सुरुवात झाली ती मित्रांबरोबर क्रिकेटचा संघ बांधण्याच्या खेळापासून. पन्नास रुपये लावायचे. "हा जुगार नाही आपा, कौशल्य आहे, हायकोर्टानेच म्हटलंय," असं तो मला सांगायचा. खोटं नव्हतं ते. मुंबई हायकोर्टाने २०१९ मध्ये तशा एका खेळाबद्दल तसा निर्णय दिला होता. पण तिथून पुढे वर चढत जाणाऱ्या विमानाचा खेळ आला. विमान उडून जायच्या आत आपले पैसे काढून घ्यायचे. त्यात कसलं कौशल्य? पहिल्याच आठवड्यात तो चार हजार दोनशे जिंकला आणि घरी सगळ्यांना बिर्याणी आणली. आम्ही पोटभर खाल्ली. मीसुद्धा.

बी.एड.ला आम्हाला स्किनरचे प्रयोग होते. पेटीतल्या कबुतराला चोच मारल्यावर दर वेळी दाणा मिळाला, तर दाणे बंद झाल्यावर ते लवकरच चोच मारणं सोडतं. पण दाणा कधी मिळेल याचा नेमच नसेल, तर ते मारतच राहतं. हे मी पाठ केलं, पेपरात लिहिलं, पास झाले. ते कबूतर आमच्याच घरात चादरीखाली जागत बसलंय हे काही मला दिसलं नाही.

जाहिरातीच्या शेवटी एक आवाज धावत धावत सांगून जायचा की यात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा. माझ्या वर्गात एखाद्या मुलाने या वेगाने धडा वाचला असता तर मी त्याला पुन्हा वाचायला लावला असता.

पूर्वी जुगार नव्हता असं नाही. आमचे मोठे चाचा मुंबईत असताना मटका लावायचे. १९६२ मध्ये कल्याणजी भगतने वरळीत सुरू केलेला तो धंदा, त्याआधी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर आकडे लागायचे. पण चाचांना त्यासाठी चप्पल घालून गल्लीच्या टोकापर्यंत जावं लागे. वाटेत चार माणसं बघत, त्यातलं एखादं चाचीला सांगे. धाकट्याला कूससुद्धा बदलावी लागत नव्हती.

त्या रात्री तो तरावीहला म्हणून निघाला, तेव्हा मी मागोमाग जिन्यात गेले आणि पासबुक त्याच्या हातात दिलं. तो पायरीवर बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मी नेहमीचंच बोलले. हराम आहे, गुनाह आहे, अम्मीच्या हजचे पैसे होते, तुला लाज कशी वाटली नाही. तेव्हा तो म्हणाला, "हराम आहे हे मला माहीत नाही का, आपा? माहीत होतं म्हणून तर कुणाला सांगता आलं नाही."

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. कुराणात जुगाराला मैसिर म्हटलं आहे. मूळ अरबी धातूत सोपेपणाचा, सहज मिळण्याचा अर्थ आहे. सूरे बकरामध्ये दारू आणि मैसिर यांत लोकांसाठी काही फायदाही आहे हे नाकारलेलं नाही, गुनाह त्या फायद्याहून मोठा आहे असं सांगितलं आहे. आपण मुलांना एवढंही सांगत नाही. यात काहीच मिळत नाही, एवढंच ठणकावतो. मग मुलगा पहिल्या आठवड्यात चार हजार जिंकतो आणि त्याला वाटतं, मोठी माणसं खोटं बोलत होती. हरायला लागतो तेव्हा आपल्याकडे परत यायचं तोंड त्याला उरलेलं नसतं.

वर्गात मी गालिब शिकवते. १८४७ मध्ये दिल्लीत घरी जुगार चालवल्याबद्दल गालिबला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली होती, हा किस्सा मी मुलांसमोर टाळत असे. काही नातलगांनी तेव्हा अंग काढून घेतलं. नवाब मुस्तफा खान शेफ्ता मात्र तुरुंगात त्याला भेटायला जात राहिले. शेफ्ता स्वतः हज करून आलेले, परहेजगार गृहस्थ. जुगार हराम आहे हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. आता मी हा किस्सा सांगते, आणि शेफ्तांवर जास्त वेळ थांबते.

जिन्यात तो शेवटी म्हणाला की मी नसतो तर बरं झालं असतं. माझे हातपाय गार पडले. तरीही मी त्याला स्पष्ट विचारलं, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का? तो हो म्हणाला. त्याला एकटा न सोडता मी तिथूनच १४४१६ लावला. हा सरकारचा टेलिमानस नंबर, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. एका बाईंनी त्याच्याशी बराच वेळ बोलून घेतलं. नमाजला गेलेले लोक परत येत होते, आणि आम्ही दोघं बाजूला सरकून त्यांना वाट देत होतो.

पुढे मानसोपचाराच्या ओपीडीत डॉक्टरांनी सांगितलं की दारूसारखंच हेही व्यसन आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ते आहे. हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी खेळत राहणं हे त्याचं मुख्य लक्षण. आधीचं कर्ज आम्ही गुपचूप फेडलं ती चूक होती, असंही ते म्हणाले. कर्ज नाहीसं झालं की खेळायला जागा मोकळी होते. मग ठरलं की पगार माझ्या खात्यात येणार, त्याच्या फोनमधले पैसे पाठवण्याचे सगळे रस्ते बंद, उधारी कुणाकुणाची ते एका कागदावर, आणि ती त्याने त्याच्या कमाईतून फेडायची. दर पंधरवड्याला समुपदेशन. तो कागद अब्बांनी आपल्या वहीत उतरून काढला. एकूण सहा लाख चाळीस हजार, त्यात पहिली रक्कम हजची. जमा, नावे, तारीख. एक शब्द बोलले नाहीत. अम्मीने मात्र चार दिवस त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही.

तो एकदा घसरला, त्याच वर्षी जूनमध्ये, मित्राच्या फोनवरून. बाराशे रुपये. पण त्या रात्रीच येऊन मला सांगितलं. डॉक्टरांना ते बरं लक्षण वाटलं, मला रडू आलं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. मोठमोठ्या कंपन्यांनी ते खेळ थांबवले, क्रिकेट संघाच्या जर्सीवरचं एक नावही गेलं. त्या कायद्यात शिक्षा आहे ती खेळवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला, पैशाचा व्यवहार करून देणाऱ्याला. खेळणाऱ्याला नाही. पोलिसांच्या धाकाने तोंड लपवणाऱ्यांच्या घरच्यांनी हे त्यांना जरूर सांगावं. बाकी परदेशातून चालणाऱ्या खेळांचे मेसेज धाकट्याच्या फोनवर त्यानंतरही आले. पाचशे रुपये बोनस. तो मला दाखवून पुसून टाकतो.

कायदा व्हायच्या आधीची, २०२५ च्या रमजानमधली एक संध्याकाळ. ९ मार्चला दुबईत भारत-न्यूझीलंड अंतिम सामना होता. इफ्तार झाली, धाकटा अस्वस्थ फिरत होता. शेवटी म्हणाला, "आपा, फोन दे जरा, स्कोर बघायचाय." मी दिला. तो बघत होता आणि मी त्याच्याकडे बघत होते, त्याला ते कळत होतं. मग त्याने फोन परत माझ्या हातात ठेवला आणि टोपी शोधायला लागला.

"किती झाले?" अब्बांनी वहीतून मान वर न काढता विचारलं.