एकच घर घे

प्रिय मुक्ता,

तुझा स्कॉटलंडचा बेत वाचला. रोज नवा किल्ला, रोज नवं हॉटेल, रोज सकाळी बॅगा भरायच्या. तुझ्या आईच्या, माझ्या ताईच्या गुडघ्यांचं काय? माझं ऐक, ते सगळं रद्द कर आणि पर्थशायरच्या डोंगरात, अ‍ॅबरफेल्डी नाहीतर पिटलॉक्रीच्या आसपास, आठवड्यासाठी एकच घर भाड्यानं घे. आई-बाबा, तुम्ही दोघं, मुलं, सगळे एका छपराखाली.

पाऊस पडला तर, असं तू विचारणारच. पडेल गं. १८८१च्या ऑगस्टमध्ये लेखक रॉबर्ट लुईस स्टीव्हन्सनचं कुटुंब ब्रेमारला अशाच भाड्याच्या घरात राहिलं होतं. बाहेर पाऊस आणि गारठा. आत सावत्र मुलगा लॉइड रंगपेटी घेऊन बसलेला. त्याच्यासोबत रंगवता रंगवता रॉबर्ट लुईसनं एका बेटाचा नकाशा काढला आणि त्यातूनच 'ट्रेझर आयलंड' लिहायला घेतली. आजोबा थॉमस म्हणजे दीपगृहं बांधणारे नामांकित इंजिनिअर, पण तेही खेळात सामील झाले. गोष्टीतल्या बिली बोन्सच्या पेटीत काय काय सापडावं, याची यादी त्यांनी करून दिली! ऊन असतं तर तिघंही बाहेर भटकत बसले असते, असं मला आपलं वाटतं. तेव्हा रंग आणि कोरे कागद आण. टॅबलेट राहिला तरी चालेल.

तुझ्या बाबांसाठी शिहॅलियन डोंगर आहे. उंची १०८३ मीटर, म्हणजे कळसूबाईपुढे ठेंगणाच. पण १७७४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मॅस्केलिननं याच डोंगराच्या आधारानं पृथ्वीची घनता मोजायचा प्रयोग केला. डोंगर आपल्या वस्तुमानानं ओळंब्याला किंचित बाजूला ओढतो, ती ओढ त्यानं ताऱ्यांच्या संदर्भानं मोजली. डोंगराचं आकारमान काढताना गणितज्ञ चार्ल्स हटननं नकाशावर सारख्या उंचीचे बिंदू जोडले. त्याच त्या समोच्चरेषा, ज्या बाबांनी जन्मभर फळ्यावर काढल्या. शिहॅलियन दिसणारी खिडकी मिळाली तर ती खोली त्यांनाच दे.

आता कामाचं. स्कॉटलंडमधल्या शाळा ऑगस्टच्या मध्याला सुरू होतात, तुमच्या लंडनच्या सप्टेंबरमध्ये. मधले दोन आठवडे बघ. हेदरही तेव्हा जांभळं झालेलं असतं. अशा घराला आता काउन्सिलचा परवाना लागतो. जाहिरातीत त्याचा क्रमांक आणि किती माणसं राहू शकतात हे पाहा, मगच पैसे भर. तळमजल्यावर झोपायची खोली आणि तिथंच न्हाणीघर आहे ना, हे फोन करून विचार. फोटोवर जाऊ नकोस; जुन्या घरांचे जिने फार उभे असतात.

काही घरांना डोंगरातल्या झऱ्याचं पाणी असतं. टब भरला की ते बिनदुधाच्या चहासारखं दिसतं. ताई किंचाळेल. तिला सांग, तो पीटच्या मातीचा रंग आहे, घाण नव्हे. प्यायचं कुठलं, ते मात्र मालकाला विचारून घे.

वारा पडला की चिलटं येतात, संध्याकाळी तर अंगभर. लांब बाह्यांचे कपडे घाला. मुलं गवतातून, नेच्यातून भटकून आली की गुडघ्यामागं, काखेत गोचीड नाही ना, ते रोज पाहा. असलीच तर बारीक चिमट्यानं सरळ ओढून काढ. डोंगरावर फिरायला कोणाची परवानगी लागत नाही, २००३च्या कायद्यानं तो हक्क सगळ्यांना आहे. फक्त वाटेतलं फाटक जसं सापडेल तसं ठेवायचं आणि मेंढ्यांच्या मागं धावायचं नाही. हे धाकट्याला आधीच बजाव.

स्वयंपाकघरात वाइनचे पेले चार तऱ्हेचे असतील, पण पोळपाट-लाटणं नसेल. तवा आणि कुकर मी ग्लासगोहून आणते. कणीक तेवढी तू आण, तिथल्या गावातल्या दुकानात मिळेल याचा भरवसा नाही. बरीच घरं शनिवार ते शनिवारच मिळतात, तेव्हा ताईला विचारून तारीख लवकर कळव.

तुझी,
मावशी