आधी नाव, मग क्यूआर

देणगी मागायला असा कितीसा वेळ लागतो? फोन लावा, दोन मिनिटं बोला, माणूस हो तरी म्हणतो किंवा पुढच्या महिन्यात बघू म्हणतो. संपलं! वेळ खातं ते त्यानंतरचं काम. पैसे कुणाचे आले, पावती गेली का, पॅन कुणाचा राहिला. आणि हे सगळं काम जवळजवळ नाहीसं करता येतं, तेही एक रुपया खर्च न करता, हे यंदाच्या दानउत्सवात मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय.

ठाण्यातल्या कोपरीत मीठबंदर रोडच्या बाजूला आमची संध्याकाळची अभ्यासिका आहे. घरात एकच खोली, तिथंच टीव्ही, तिथंच स्वयंपाक, अशी दहावी-बारावीची मुलं इथे बसून अभ्यास करतात. चालवणारे आम्ही चौघं. बँकेतून निवृत्त झालेले काका, शाळा सुटली की थेट इथे येणाऱ्या ताई, इथंच अभ्यास करून कॉलेजात गेलेला एक मुलगा आणि मी. भाडं, वीजबिल, पुस्तकं यासाठी दरवर्षी निधी उभा करावा लागतो आणि कोपरी हात आखडता घेत नाही. चेंदणी कोळीवाड्यातली घरं देतात, सिंधी कॉलनीतले व्यापारी देतात, सकाळी धावत स्टेशन गाठणारे नोकरदार लोकलमधून पाठवतात.

पण मग काकांसमोर बँकेचा उतारा येतो. एक ओळ बघा : आधी ‘यूपीआय’, मग बारा आकडी नंबर, मग कापलेलं नाव ‘सुनीता बा’, आणि शेवटी ५०१ रुपये. ही सुनीता बाविस्कर की बागूल की बाबर? काका यादीतल्या सगळ्या सुनीतांना फोन लावणार. अशा ओळी पानंच्या पानं.

आणि सोडून देता येत नाही. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून करवजावटीची ऐंशी-जी मान्यता असलेल्या संस्थेला देणगीदारांचं विवरण आयकर खात्याकडे भरावं लागतं, फॉर्म दहा-बीडी. नाव, पत्ता, पॅन, रक्कम, सगळं. मुदत वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत, आणि उशीर झाला की दिवसाला २०० रुपये. ते भरलं की दहा-बीई हे प्रमाणपत्र निघतं आणि देणगीदाराला वजावट मिळते ती त्यावर. आम्ही छापलेली सुंदर पावती तिथे पुरत नाही. म्हणजे प्रत्येक ‘सुनीता बा’ शोधून काढायचीच!

इथे आमच्या कॉलेजातल्या मुलाने कमाल केली. तो म्हणाला, “काका, क्यूआर म्हणजे नुसती एक ओळ असते.” आणि त्याने ती लिहून दाखवली. पीए म्हणजे पैसे कुणाच्या यूपीआय आयडीवर जाणार, पीएन म्हणजे नाव, एएम म्हणजे रक्कम, टीएन म्हणजे टीप. बस्स! तो काळा-पांढरा चौकोन म्हणजे या एका ओळीचं चित्र. मग एकच चौकोन छापून सगळ्यांना का दाखवायचा? प्रत्येक देणगीदाराचा वेगळा का नको? मी तर खुर्चीतून उठलोच.

आता आमच्याकडे आधी क्यूआर मिळत नाही, आधी फॉर्म. नाव, पत्ता, पॅन, किती देणार, ऐंशी-जी हवं का. फॉर्म भरला की गूगल शीटला जोडलेली छोटीशी स्क्रिप्ट एक क्रमांक देते आणि त्या माणसाचा स्वतःचा क्यूआर मेलवर पाठवते. रक्कम आत भरलेली, टिपेत ‘अभ्यास ११७’. पैसे आले की उताऱ्यात तोच क्रमांक. उतारा शीटमध्ये चिकटवायचा, व्ही-लुकअप लावायचा, की नाव, पत्ता, पॅन समोर हजर! पावतीही त्याच शीटवरून मेल मर्जने जाते. फॉर्ममधले रकाने आम्ही दहा-बीडीला लागतात तेच ठेवलेत, त्यामुळे ३१ मेचं काम देणगी येते त्याच दिवशी होऊन बसतं.

कोळीवाड्यातल्या आजींना फॉर्म भरायला सांगायचं नाही, हे मात्र आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं. ताई त्यांच्या ओट्यावर बसतात आणि आपल्या मोबाइलवर भरून देतात. दुकानदार रोख देतात तेव्हाही तसंच, तिथल्या तिथे. रोख २००० रुपयांच्या वर असेल तर त्यावर वजावट नाही, हेही ताई आधीच सांगून टाकतात.

माणसं कमी असताना अवधी आखूड ठेवावा, हे आम्ही ‘लोकसत्ता’च्या ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या उपक्रमावरून घेतलं. त्यात २०११ पासून दर गणेशोत्सवात दहा संस्थांची ओळख वाचकांना करून दिली जाते आणि लोक धनादेश पाठवतात. वर्षभर थोडं थोडं मागत बसायचं नाही. आम्ही २ ते ८ ऑक्टोबर हा दानउत्सवाचा आठवडा पकडला. निरोप व्हॉट्सॲपवरून जातात; तिथल्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं मावतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो, म्हणून फॉर्मच्या शेवटी एक ओळ टाकलीय : हा नंबर सेव्ह करा. किती साधं!

मला सारखी अंताजी दामोदर काळ्यांची आठवण येते. माणशी एक पैसा मागत ते गावोगाव फिरले, पाठीशी टिळक उभे राहिले आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावात काचेचा कारखाना निघाला. लहान रकमा, अफाट माणसं. पैशापेक्षा हिशेब मोठा असणार! त्यांच्या हाती हे साधन असतं तर, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

आणि वाचलेल्या वेळात काय होतं? काका फोन करतात. तुम्ही कोण, असं विचारायला नव्हे, आभार मानायला. “तुमच्या पैशातून गणिताचे संच आले, मुलं वापरताहेत, एकदा येऊन बघा.” लोक खरंच येतात. एक व्यापारी आला, तासभर बसला, मुलांशी बोलला आणि जाताना वर्षाचं वीजबिल भरायचं स्वतःहून कबूल करून गेला. मागितलं नव्हतं हो आम्ही!

तुमचीही चार-पाच माणसांची संस्था असेल तर संध्याकाळी सहानंतर अभ्यासिकेत या. शीटची कोरी प्रत देतो, स्क्रिप्टसकट. यूपीआय आयडी तुमचा घाला आणि आधी एक रुपया पाठवून पाहा, कारण टीप उताऱ्यात दिसणं बँकेवर असतं. दिसली नाही तर फॉर्म भरणाऱ्याकडून तो बारा आकडी नंबर मागून घ्यायचा, जुळवणी त्यावरही होते.