वाळूतलं मेट्टूर

आपल्या ‘भातुकली’ या शब्दात भात आहे, हे पुण्याच्या वाड्यात खेळत होते तेव्हा कधी ध्यानात आलं नाही. ते आलं लग्न होऊन तंजावरकडे आल्यावर. इकडची मुलं घराघरांतून मूठमूठ तांदूळ, डाळ, चिंच गोळा करतात आणि झाडाखाली तीन दगडांच्या चुलीवर खरोखरच शिजवतात. या खेळाला तमिळमध्ये ‘कूट्टांचोरु’ म्हणतात, म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेला भात. तो बहुधा खाली करपलेला आणि वर कच्चा असतो. पण घरी जेवताना नाक मुरडणारा आमचा धाकटा तो बोटं चाटून खाई!

माझं सासर तिरुवैयारूजवळच्या एका खेड्यात. व्यंकोजीराजांच्या काळात, सतराव्या शतकात, इकडे आलेल्यांपैकी हे घराणं. घरात मराठीच बोलतात, पण नवी नवरी असताना मला ती निम्मीच समजायची. मुलांना कसलीच अडचण पडली नाही. ओट्यावर आजीशी मराठी आणि ओट्याची पायरी उतरली की तमिळ!

इथले खेळ ऋतू ठरवतो. उन्हाळ्यात ताडगोळे खाऊन झाले की रिकाम्या ताडफळांची दोन चाकं, मध्ये काटकीचा आस आणि ढकलायला बेचक्याची लांब काठी. झाली गाडी तयार! कापणीनंतर पेंढ्याच्या गंजीवरून घसरगुंडी. ऑगस्टच्या सुरुवातीला ‘आडिपेरुक्कु’ येतो. त्या दिवशी बायका नदीची पूजा करतात, काठावर बसून चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात खातात आणि मुलं लाकडाचे छोटे रथ ओढत नदीवर नेतात.

पण खरा खेळ पाण्याचा. मेट्टूरचं धरण 1934 साली पुरं झालं. पाणी पुरेसं असेल तर 12 जूनला त्याचे दरवाजे उघडायचे, अशी रीत आहे. तीन-चार दिवसांत ते पाणी कल्लणै बंधाऱ्यावर पोहोचतं आणि तिथून कालव्यांत सुटतं. आमच्या कालव्यात पहिलं पाणी येतं ते फेस आणि पाचोळा ढकलत, माणसाच्या चालीनं. मुलं त्याच्या पुढे पळतात, पाय भिजले तो बाद! मला कालव्याची फार धास्ती वाटे. ह्यांनी मात्र दोन्ही मुलांना सहाव्या वर्षीच पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकवलं. म्हणाले, “अगं, इथं पाण्यापासून मुलं लपवायची कुठं?”

2016 साली 12 जूनला पाणी सुटलं नाही. जुलै गेला, ऑगस्टही जाऊ लागला. ज्यांच्याकडे बोअर होती त्यांनी कुरुवैचं भात लावलं. आमच्याकडे बोअर नव्हती, शेत तसंच राहिलं. घरातले आवाज खाली आले. मुलांच्या देखत पैशांचं बोलायचं नाही, हा सासऱ्यांपासूनचा नियम.

मुलांनी कोरड्या कालव्यात धरण बांधलं. वाळूत बोटानं ओढलेली कावेरी, वर कर्नाटकातलं कृष्णराजसागर, मध्ये विटांचं मेट्टूर, खाली खापऱ्यांचं कल्लणै. दहा वर्षांची थोरली धरणावर बसे. बाकीचे पिंपळाच्या पानांचे अर्ज घेऊन रांगेत येत. धाकटा साहेब. पानावर काडीनं सही करी आणि प्रत्येकाला “उद्या या” म्हणे. काठावर कपडे वाळत घालता घालता मला हसू आवरत नव्हतं.

मग आमच्या शेतावर लावणीला येणाऱ्या जोडप्याच्या मुलीची पाळी आली. ती थोरलीच्याच वर्गातली. तिनं हातातलं पान खाली टाकलं. म्हणाली, “आता अर्ज नको. आम्ही तिरुप्पूरला चाललो, बनियनच्या कारखान्यात. शाळेचा दाखलासुद्धा काढला.” तीही खेळाच्याच आवाजात बोलली. थोरली क्षणभर बघत राहिली. मग तिनं मेट्टूरची वीट उचलून बाजूला ठेवली. “घे, सोडलं पाणी. आता नका जाऊ.”

आमच्या घरात कुणालाच हे ठाऊक नव्हतं. रात्री ह्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी हे त्यांच्याकडे गेले, तेव्हा कळलं की उचल मागायला तो माणूस दोनदा आमच्या ओट्यापर्यंत येऊन परत फिरला होता. ह्यांनी कणगीतलं भात देऊ केलं. रोख पैसे आमच्याजवळही नव्हते. चार दिवसांनी ती मंडळी गेली. मेट्टूरचं पाणी सुटलं ते 20 सप्टेंबरला, सांबाच्या पिकासाठी.

त्याच आठवड्यात सासूबाईंनी घरचा नियम मोडला. “पोरांना सगळं कळतंय, मग नीटच सांगा,” म्हणाल्या. ह्यांनी मुलांना शेजारी बसवून वही उघडली. पोती किती, देणं किती, बियाण्याला किती लागतील, सारं दाखवलं. धाकट्यानं एवढंच विचारलं, “म्हणजे आपण इथंच राहणार ना?”

2020 च्या टाळेबंदीत तिरुप्पूरचे कारखाने बंद पडले आणि ते कुटुंब गावी परतलं. त्या वर्षी मेट्टूरचे दरवाजे बऱ्याच वर्षांनी 12 जूनला उघडले. आमच्या कालव्यात पाणी यायचं त्या सकाळी दोघी मैत्रिणी काठावर पाय सोडून बसल्या होत्या. आता चौदा वर्षांच्या घोड्या झालो, पळायचं काय ते लहानांनी, असं मला ऐकवून झालं होतं. वळणावर पांढरा फेस दिसला मात्र, दोघींनी एकदमच कालव्यात उड्या टाकल्या. मागं धाकटा उरला, दोघींच्या चपला हातात घेऊन, ओरडत.