न लढलेला किल्ला

किल्ला म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर जे उभे राहते ते बहुधा पडलेले असते. जोती, झिजलेल्या पायऱ्या, कोरडी टाकी, एखादी शाबूत कमान. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. बखरी शिकवता शिकवता अधूनमधून विद्यार्थ्यांना रायगडावर नेतो आणि उघड्या जोत्यापाशी उभे राहून 'इथे राजवाडा होता' असे सांगतो. किल्ल्याविषयीची आमची सगळी वाक्ये भूतकाळी. ओसाकाच्या मुक्कामात एक दिवस हिमेजीसाठी राखला, तो वर्तमानकाळात उभा असलेला एक तरी किल्ला पाहावा म्हणून.

ओसाकाहून हिमेजीला 'शिन-काइसोकु' नावाची जलद गाडी तासाभरात पोचवते. कोबे मागे पडले की डाव्या हाताला समुद्र रुळांच्या अगदी जवळ येतो, मग १९९८ साली खुला झालेला आकाशीचा प्रचंड झुलता पूल दिसतो. ज्या रेखावृत्तावर जपानची प्रमाणवेळ बेतलेली आहे, ते १३५ अंशांचे रेखावृत्त याच आकाशी गावातून जाते. डब्यात कुणीही मोठ्याने बोलत नव्हते, त्यामुळे आमचे मराठीही आपोआप कुजबुजीवर आले.

हिमेजी स्टेशनाबाहेर पडताच रुंद, सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला पांढराशुभ्र किल्ला. 'शिरासागी-जो', म्हणजे धवल बगळ्याचा किल्ला, हे त्याचे दुसरे नाव. अंतर जेमतेम किलोमीटरभर. परंतु हा रस्ता जुना नाही. जुलै १९४५ मध्ये अमेरिकी विमानांनी टाकलेल्या आगबॉम्बनी या शहराचा मोठा भाग जळून गेला, त्यानंतरच्या पुनर्रचनेत तो आखला गेला. किल्ल्यावरही एक बॉम्ब पडला होता, तो फुटला नाही. ज्या पांढऱ्या रंगाचे आज कौतुक होते, तो विमानांना दिसू नये म्हणून तेव्हा काळ्या जाळ्यांनी झाकला होता. सभोवती राख आणि मधोमध लाकडाचा किल्ला उभा, हे दृश्य त्या सकाळी बेघर झालेल्या माणसांना कसे दिसले असेल? दिलासा वाटला असेल की चीड आली असेल? चालताना आम्ही याविषयी वाद घातला. तो मिटला नाही.

आत गेल्यावर आमच्यातल्या भाषाशिक्षकाला सुखावणारी एक गोष्ट भेटली. दरवाज्यांना 'इ', 'रो', 'हा', 'नि', 'हो' अशी अक्षरांची नावे आहेत. हा जपानी वर्णमालेचा जुना क्रम, आणि तो एका कवितेतून आलेला आहे. त्या कवितेत प्रत्येक अक्षर एकदाच येते. शत्रूला अडवणाऱ्या दारांना कवितेच्या क्रमाने मोजणारे हे लोक! वाट मात्र कवितेइतकी सरळ नाही. किल्ला समोर दिसत असतानाच ती आपल्याला पाठ फिरवायला लावते. भिंतीत वर्तुळ, त्रिकोण, चौकोन अशा आकारांच्या जंग्या आहेत. त्यांतून बाण आणि बंदुका चालायच्या होत्या. पण इकेदा तेरुमासाने १६०९ साली पूर्ण केलेल्या या वास्तूने लढाई अशी पाहिलीच नाही. इतकी तयारी, आणि युद्ध आलेच नाही.

मुख्य मनोऱ्यात पादत्राणे काढून हातात घ्यावी लागतात. बाहेरून पाच मजली दिसणारा मनोरा आत सहा मजली आहे, शिवाय तळघर. जिने शिडीसारखे उभे. तळव्यांना गार, गुळगुळीत लाकूड लागत होते. मनोरा पेलणारे दोन खांब तळापासून वरपर्यंत जातात, जवळपास २५ मीटर उंच. त्यांपैकी पूर्वेचा मूळचा, त्याचा फक्त बुंधा बदललेला. पश्चिमेचा १९५६ ते १९६४ च्या दुरुस्तीत नवा बसवला गेला. त्या वेळी मनोरा तुकड्या-तुकड्यांनी उतरवून पुन्हा जोडण्यात आला. मग हा किल्ला मूळचा म्हणायचा का? आमच्यातल्या एकाचे म्हणणे, नाही. दुसरीचे म्हणणे, पोथीची नक्कल करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाने बदलली म्हणून पोथी खोटी ठरते का? या दुसऱ्या मताकडे आम्ही दोघेही हळूहळू झुकलो. २००९ ते २०१५ च्या दुरुस्तीनंतर किल्ला इतका उजळला, की लोकांनी 'शिरासागी'वर कोटी करून त्याला 'शिरोसुगी', म्हणजे फारच पांढरा, म्हटले. ज्या वास्तूची अशी थट्टा होते, ती जिवंत असते.

वरच्या मजल्यावर खिडकीशी उभे असताना रायगड आठवला. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी पेटलेला राजवाडाही लाकडाचाच होता. म्हणूनच आज जोते तेवढे उरले आहे. हेवा वाटला नाही, काहीसे पोरके मात्र वाटले. आपण जे गमावले ते नेमके कसे असेल, हे प्रथमच तळव्यांना कळले. राजवाडा पुन्हा बांधावा, असे म्हणणारे आपल्याकडे आहेत. त्यांनी हिमेजीबरोबर ओसाकाचा किल्लाही पाहावा. त्याचा मनोरा १९३१ साली काँक्रीटमध्ये उभारलेला, आत लिफ्ट आणि संग्रहालय. तो देखणा आहे, शहराला प्रियही आहे, पण त्याच्या आत शिरल्यावर किल्ल्यात आल्यासारखे वाटत नाही.

जपानमध्ये आधुनिक काळापूर्वीचे असे मनोरे आज बाराच उरले आहेत. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेले मराठ्यांचे किल्लेही बाराच, आणि रायगड त्यांत आहे. हिमेजीला तो मान १९९३ सालीच मिळाला होता. आकडा सारखा असणे हा योगायोग. त्यांचे बारा टिकले त्यात दैवाचा वाटा आहे, पण त्या दैवामागून दर काही दशकांनी कौले उतरवणारे, गिलावा करणारे हातही आले. जळालेले आपल्याला परत आणता येणार नाही. जे जोते उरले आहे, त्यावर नावे कोरली जाऊ नयेत, त्याच्या सांध्यात झाड रुजू नये, एवढे करणे ही त्याच जातीची निगा आहे. पुढच्या सहलीत विद्यार्थ्यांना 'इथे राजवाडा होता' हे आम्ही सांगूच. त्याच्यापुढे 'इथे जोते आहे' हेही सांगायचे ठरवले आहे.