रिकामी चौकट

शाळेत असताना मला एक मोठी हौस होती. स्नेहसंमेलनाच्या नाटकात राजाची भूमिका करावी, डोक्याला मंदील बांधावा, कमरेला तलवार लटकवावी आणि भरदार आवाजात चार वाक्ये बोलून टाळ्या घ्याव्यात, असे मला फार वाटे. मी सातवीत गेलो, त्या वर्षी नाटकही नेमके गडकिल्ल्याचे ठरले. ते आमच्या मराठीच्या गुरुजींनीच लिहिले होते. किल्ल्याला वेढा पडला आहे, दाणागोटा संपत आला आहे, अशा वेळी एका रात्री जासूद शत्रूच्या फौजेतून वाट काढीत गडावर येतो आणि राजाच्या हाती खलिता देतो. ‘आणखी आठ दिवस गड लढवा, कुमक निघाली आहे,’ असा त्यातील मजकूर. साऱ्या नाटकाचा जीव त्या एका खलित्यात होता.

मी राजाची सगळी भाषणे पाठ केली. पण निवडीच्या दिवशी माझा आवाज ऐन वेळी असा चिरकला, की वर्गात हशा पिकला. राजाची भूमिका दुसऱ्या मुलाला मिळाली. जासुदाचे काम माझ्याच बाकावर बसणाऱ्या मित्राला मिळाले. मी खाली मान घालून निघालो, तेव्हा चित्रकलेच्या गुरुजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते म्हणाले, “तू माझ्याकडे ये. पडद्यामागे मला एक विश्वासू माणूस हवा आहे.”

मला त्याचा आनंद झाला नाही. पडद्यामागे कोण पाहणार? पण गुरुजींना नाही म्हणण्याची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीत आमचे काम सुरू झाले. सुताराने हलक्या लाकडाच्या पट्ट्यांच्या, सुमारे आठ फूट उंच आणि चार फूट रुंद अशा चौकटी करून दिल्या होत्या. प्रत्येक कोपऱ्यात त्रिकोणी फळी ठोकलेली होती. त्यामुळे चौकट कलंडत नसे. त्यांवर आम्ही मांजरपाट ताणून बसवला आणि त्याला सरसाचे पातळ पाणी दिले. सायंकाळी सैल वाटणारे कापड सकाळी पाहावे, तो नगाऱ्याच्या कातड्यासारखे ताठ! ओले कापड वाळताना आकसते, हे मी तेव्हा प्रथम डोळ्यांनी पाहिले. चौकटींच्या मागे तिरके टेकू लावून त्यांवर वाळूची पोती ठेवायची, म्हणजे कोणाचा धक्का लागला तरी ‘तटबंदी’ प्रेक्षकांच्या अंगावर येणार नाही, हे गुरुजींनी बजावून सांगितले.

मग रंगकामाची पाळी आली. मी एका दगडावर बारीक कुंचल्याने तासभर भेगा काढीत बसलो होतो. गुरुजींनी मला उठवले आणि सभागृहाच्या अगदी शेवटच्या रांगेत नेऊन उभे केले. “तुझी भेग दिसते का?” त्यांनी विचारले. मला भेग काय, दगडही धड दिसेना. गुरुजी हसले आणि परत जाऊन त्यांनी राखाडी रंगावर चिंधीच्या बोळ्याने भराभर ठिपके उठवले. प्रत्येक दगडाच्या खालच्या कडेला त्यांनी काळसर रेघ ओढली आणि वरच्या कडेला पांढरट. जवळून तो सारा गबाळा कारभार वाटत होता. पण लांबून पाहतो, तो एकेक दगड भिंतीतून पुढे आलेला! “नेपथ्य शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी रंगवावे,” गुरुजी म्हणाले, “आणि सावली नेहमी अशी रंगवावी, की ती दिव्यांच्या दिशेशी भांडणार नाही.”

दिव्यांचे भांडण म्हणजे काय, हे त्यांनी एका दुपारी वर्गाच्या खिडक्या लावून घेऊन दाखवले. माझ्या मित्राला स्टुलावर बसवून त्यांनी विजेरीचा झोत हनुवटीखालून त्याच्या तोंडावर सोडला. आमचा नेहमीचा हसरा मित्र भुतासारखा दिसू लागला. तोच झोत अगदी समोरून टाकला, तेव्हा त्याचा चेहरा थाळीसारखा सपाट झाला. मग एका बाजूने, जरा उंचावरून तिरपा प्रकाश टाकला आणि दुसऱ्या बाजूने त्याहून मंद प्रकाश दिला. आता नाक, डोळे, गाल सारे जागच्या जागी आले. विजेरीवर तांबडा जिलेटीन कागद धरताच त्याचा हिरवा सदरा काळा ठिक्कर पडला. “आता कळले ना?” गुरुजी म्हणाले, “सरदारांचे हिरवे अंगरखे तांबड्या दिव्याखाली आणले, तर सारा दरबार सुतकात बसलेला दिसेल. रात्रीच्या प्रवेशाला निळा प्रकाश द्यावा. रंगमंचावरची रात्र म्हणजे अंधार नव्हे. प्रेक्षकाला रात्र वाटली पाहिजे आणि पात्रेही दिसली पाहिजेत.”

काम करता करता गुरुजी रंगभूमीच्या गोष्टी सांगत. विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा विजेचे दिवे नव्हतेच. युरोपात मात्र त्याआधीच चुनखडीचा दिवा निघाला होता. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची ज्योत चुन्याच्या तुकड्यावर सोडली, की तो पांढरा शुभ्र प्रकाश देऊ लागे. १८३७ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात त्याचा वापर झाला. आपल्याकडे तापस सेन यांनी १९५९ साली कलकत्त्याच्या मिनर्व्हा नाट्यगृहात उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’ नाटकात केवळ दिव्यांच्या खेळाने कोळशाच्या खाणीत पाणी भरत गेलेले दाखवले. रंगमंचावर पाण्याचा लोंढा नसताना खाणकामगार बुडताना पाहून प्रेक्षकांचे श्वास कोंडत.

मी विचारले, “मग आपण गडावर खऱ्या मशाली का पेटवायच्या नाहीत?” गुरुजी गंभीर झाले. शिकागो शहरातील एका नव्या नाट्यगृहात ३० डिसेंबर १९०३ रोजी दिव्याची ठिणगी पडद्याला लागली. बाहेर पडण्याची कित्येक दारे बंद होती. त्या आगीत ६००हून अधिक माणसे गेली आणि त्यांत मुलेही पुष्कळ होती. “कापड, रंग आणि लाकूड यांच्यामध्ये आपण उभे आहोत, हे विसरू नकोस,” एवढेच ते म्हणाले. आमच्या मशालींत मग लहान विजेऱ्या बसल्या आणि त्यांभोवती तांबडे-पिवळे जिलेटीन कागद गुंडाळले गेले. दिव्यांच्या तारांना मात्र वायरमनखेरीज कोणी हात लावायचा नाही, असा सक्त नियम होता.

माझ्याकडे मुख्य काम होते ते प्रॉपर्टीचे, म्हणजे पात्रांना लागणाऱ्या वस्तूंचे. लाकडी तलवारींना चंदेरी रंग दिला, कागदाच्या लगद्याचे तोफगोळे केले, आईकडून समई आणि तांब्या मागून आणला. खलित्यासाठी पांढरा कागद घेतला, तेव्हा गुरुजी म्हणाले, “कोरा कागद दिव्याखाली डोळ्यांवर येईल. त्याला चहाच्या पाण्यात बुडवून वाळव.” तसे करताच कागद शंभर वर्षांचा दिसू लागला. शेवटी विंगेतल्या टेबलावर मी मोठा कागद अंथरला, प्रत्येक वस्तू त्यावर ठेवून तिच्याभोवती पेन्सिलीने चौकट आखली आणि आत नाव लिहिले. वस्तू नेली की चौकट रिकामी दिसणार. काय हरवले, हे एका दृष्टिक्षेपात कळणार. अशी ती साधी युक्ती होती.

पहिला प्रयोग विद्यार्थ्यांसाठी होता. सभागृह गच्च भरले होते. टेबलावरचा खलिता कोणाच्या धक्क्याने खाली पडेल, चुरगळेल, अशी धास्ती वाटून मी तो माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. जासूद आला की आपण तो त्याच्या हाती देऊ, असा माझा बेत होता. दर्शनी पडदा उघडला. तटबंदी निळ्या प्रकाशात न्हाऊन निघाली. विंगेत पत्रा हलवून मेघगर्जना झाली, करवंट्या आपटून घोड्यांच्या टापा वाजल्या. राजा बोलू लागला आणि मी विंगेत उभा राहून त्याची भाषणे ओठांतल्या ओठांत म्हणू लागलो. हे वाक्य मी याहून चांगले म्हटले असते, इथे मी हात वर केला असता, असे माझ्या मनात चालले होते. मी पडद्यामागे उरलोच नव्हतो. मी मनाने कधीच सिंहासनावर जाऊन बसलो होतो.

द्वारपाल ओरडला, “जासूद आला आहे, महाराज!” आणि माझा मित्र धापा टाकीत रंगमंचावर गेला. मुजरा करताना त्याचे दोन्ही हात रिकामे होते.

माझा हात खिशाकडे गेला. खलिता तिथेच होता. माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. राजा झालेला मुलगा गोंधळून त्याच्या हाताकडे पाहत राहिला. सभागृहात कुजबुज सुरू झाली. तोच माझा मित्र ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “महाराज, खलिता शत्रूच्या हाती पडू नये, म्हणून मी तो वाटेतच नाहीसा केला, पण त्यातील शब्द न् शब्द मी मुखोद्गत करून आलो आहे!” तालमींत ऐकून ऐकून पाठ झालेला मजकूर त्याने खणखणीत आवाजात म्हणून दाखवला. टाळ्यांचा कडकडाट झाला. नाटक वाचले.

तो विंगेत परतला, तेव्हा त्याचे हात थरथरत होते. मी क्षमा मागू लागलो. तो एवढेच म्हणाला, “टेबलावर खलिता नव्हता. मग मी तुझ्याकडे पाहिले. तू समोरच होतास, पण तू माझ्याकडे पाहिलेच नाहीस.”

त्याने मला दोन शिव्या दिल्या असत्या, तर बरे झाले असते.

प्रयोगानंतर चित्रकलेचे गुरुजी मला टेबलापाशी घेऊन गेले. सगळ्या वस्तू आपापल्या जागी परत आल्या होत्या. फक्त एक लहानशी चौकट रिकामी होती. तिच्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “ही चौकट पडदा उघडल्यापासून तुला हाका मारीत होती. तुला ती ऐकू आली नाही, कारण त्या वेळी तू राजा होतास.” ते रागावले नाहीत. मी खिशातून खलिता काढला, त्याच्या घड्या हाताने सारख्या केल्या आणि तो चौकटीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी पालकांसाठी प्रयोग होता. प्रत्येक प्रवेशाआधी मी टेबलावरून बोट फिरवीत सगळ्या वस्तू मोजल्या. अंधारात कोणी ठेचकाळू नये, म्हणून वाटेवर खडूने पांढऱ्या खुणा केल्या. मित्र विंगेत आला, तेव्हा मी त्याच्या डोळ्यांकडे पाहत होतो. त्याने हात पुढे केला, खलिता उचलला आणि किंचित मान हलवली. राजाने तो उलगडून वाचला. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. सारे सभागृह श्वास रोखून ऐकत होते. त्या शांततेत त्या कागदाची चुरचुर शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली असावी. तो कागद चहाच्या पाण्यात कोणी बुडवला, टेबलावर कोणी ठेवला, हे कोणाच्याही मनात आले नाही. कोणाच्या मनात आले असते, तर तो खलिता राहिला नसता, नुसता कागद झाला असता.

त्यानंतर आजपर्यंत मी पुष्कळ नाटके पाहिली. आता दिवे बदलले आहेत. एक कळ दाबली की हवा तो रंग रंगमंचावर उतरतो. पण पडदा पडून टाळ्या वाजू लागल्या, की माझी नजर आपोआप विंगेकडे वळते. तिथे काळ्या कपड्यातला कोणीतरी टेबलावर वाकून वस्तू मोजत असणार, हे मला ठाऊक असते. त्या टाळ्यांतल्या काही मी मनोमन त्याला देतो.