कृष्णाकाठचा दगड आणि चुना

आमच्या लहानपणी वाईचा घाट बघायला म्हणून कुणी जात नसे. घाटावर कामं असत. पहाटे घागरी भरायच्या, मग धुणं, मग कुणाकडे श्राद्ध असेल तर भटजींची लगबग. दुपारी पायऱ्यांवर लुगडी वाळत पडलेली आणि त्यांच्यामधून वाट काढत पाण्यात उड्या मारणारी पोरं. संध्याकाळी ओवरीत म्हातारी मंडळी दिवेलागणीपर्यंत बसून राहायची. आजी नदीला कधी नदी म्हणाली नाही. पावसाळ्यात ती एवढंच सांगायची, 'कृष्णाबाई चढलीय, आज खाली उतरू नका.'

आज त्याच पायऱ्यांवर शनिवार-रविवारी मोबाइल उंचावून उभी असलेली माणसं दिसतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, लांबून येऊन ती या दगडांकडे कौतुकानं बघतात. पण घाटावरची कामं गेली, हे खरंच आहे. नळ आले, घराघरात धुण्याची यंत्रं आली. बायांच्या कमरेवरचं ओझं उतरलं याचा आनंदच आहे, तो काळ परत यावा असं मी म्हणणार नाही. मात्र रोज दोनशे पावलं जिथे पडत, तिथे पायरीचा दगड हलला की दुसऱ्या दिवशी आळीत बोभाटा व्हायचा आणि चार दिवसांत गवंडी येऊन तो बसवून जायचा. या तालुक्यातल्या वास्तू अडीचशे वर्षं टिकल्या त्या अशा, वापरातून. कुलूप लावून त्या कुणी जपल्या नव्हत्या.

वाईत गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी असे सात घाट. यातलं बरंचसं वैभव रास्त्यांचं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई रास्त्यांच्याच घरातल्या, त्यामुळे पेशवाईत या घराण्याला मोठं वजन होतं आणि त्यांनी तो पैसा मोकळ्या हातानं नदीकाठी ओतला. काशीविश्वेश्वराचं देऊळ १७५७ सालचं, ढोल्या गणपतीचं १७६२ सालचं. विश्वेश्वरासमोरच्या नंदीच्या गळ्यातल्या माळा आणि घंटा इतक्या नेमक्या कोरल्या आहेत, की लहानपणी आम्ही त्यातली घंटा हलते का म्हणून बोटानं ढकलून बघायचो. दगड इतका गुळगुळीत, की भर उन्हातही हात गार लागायचा.

पण मला सगळ्यात जास्त आवडते ती ढोल्या गणपतीच्या देवळाची पाठीमागची भिंत. पुढून दर्शन घेऊन लोक परततात, मागे फारसं कुणी जात नाही. ही भिंत सरळ नाही. माशाच्या आकारासारखी ती दोन्ही बाजूंनी निमुळती होत टोकाशी मिळते. देऊळ अगदी पात्राच्या कडेला, पुराच्या तोंडावर. पाण्याचा लोंढा सपाट भिंतीवर आदळला असता तर देऊळ किती वर्षं उभं राहिलं असतं? इथे तो टोकावर फाटतो आणि दोन्ही अंगांनी वाहून जातो. नदीला अडवायचं नाही, तिला वाट करून द्यायची, हे त्या कारागिरांना ठाऊक होतं. आता वर धोम धरण आहे. पूर येतो तो विसर्गाच्या आकड्यांसह, आधी सूचना देऊन. उन्हाळ्यात पाणी संथ होतं, जलपर्णी साचते, आणि गावातली मंडळी झाडू-घमेली घेऊन ती काढायला उतरतात. ज्या पाण्याची ओंजळ आम्ही न बघता तोंडाला लावत होतो, त्याची आता सफाई करावी लागते. हा बदल मनाला लागतो.

जुनं सगळंच राहिलं असंही नाही. कृष्णेवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पाडून तिथे नवा बांधला. वाहतूक वाढली होती, पूल थकला होता, कारणं सगळी पटणारी. तरी त्या कमानी डोळ्यांसमोरून जात नाहीत.

वाईपासून जवळच मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, वाड्यामागे चंद्रकोरीसारखा घाट, घाटावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ. सहा चौकांचा हा वाडा अजून नानांच्या वंशजांकडे आहे. सागवानी खांब, तुळया, भिंतींवरची चित्रं, आणि एका चौकातून दुसऱ्या चौकात जाताना उजेडातून अंधारात आणि परत उजेडात नेणारी ती रचना. इथल्या मोडी दप्तरावर कितीतरी इतिहास उभा राहिला. पूर्वी वाडा पाहायला येत ते अभ्यासक आणि नात्यागोत्यातले लोक. २००४ साली 'स्वदेस' चित्रपट आला आणि सगळा महाराष्ट्र हा घाट ओळखू लागला. काहींना हे आवडत नाही. मला वाटतं, कुठल्याही निमित्तानं माणसं आली तर बरंच. घाटावर पोचलं की घंटेशी थांबावंच लागतं.

ही घंटा जवळ जाऊन बघावी. पंचधातूची, जाडजूड, आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी. साल १७०७. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या मुलखात ठिकठिकाणी देवळांना गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटाही त्यातलीच. मेणवलीत ती महादेवासमोर टांगली, पण मेरी कुणी खरवडून काढली नाही. तिच्या अंगावरून पावसाचं पाणी निथळलं, की ती कोरीव आकृती जास्तच उठून दिसते.

पुण्याकडून साताऱ्याला जाताना हमरस्त्यापासून थोडं आत लिंब गाव लागतं. तिथली बारा मोटांची विहीर विरूबाईंनी शके १६४१ ते १६४६ या काळात बांधली, तसं तिथल्या शिलालेखात आहे. विहीर अष्टकोनी, वरून पाहिली तर शिवपिंडीसारखी, आणि पोटात चक्क महाल. खांबांवर शिल्पं, वर बसायला जागा, खाली पाणी. काठावर मोटांची थारोळी आहेत. बारा मोटा एका वेळी चालत असतील तेव्हा नाड्यांचा करकराट, बैलांना हाकारे आणि पाटात कोसळणारं पाणी यांनी सगळा शिवार दणाणला असेल. हे सारं आमराईला पाणी देण्यासाठी! शेताच्या पाण्यासाठी बांधलेली वस्तू एवढी देखणी असावी, असं त्या काळी कुणाला तरी वाटलं. आता मोट ओढायला बैल नाहीत आणि सोंदूर म्हणजे काय हे सांगायलाही म्हातारा माणूस शोधावा लागतो. पण विहीर धड आहे, पाणी आहे.

या वास्तूंना आज कशाची भीती आहे, तर माझ्या मते ती दुर्लक्षापेक्षा भाबड्या भक्तीची जास्त आहे. आसपासच्या किती गावांत दीपमाळेला भगवा ऑइलपेंट फासलेला दिसतो, गाभाऱ्यात चकचकीत टाइल्स आणि दगडांच्या सांध्यांत सिमेंट. हे सगळं लोकवर्गणीतून, मनापासून केलेलं असतं, म्हणूनच बोलायला अवघड जातं. पण दगड-चुन्याची भिंत ओल सोडत असते. तिच्यावर सिमेंट किंवा रंग चढवला की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. दोनशे वर्षं ऊन-पाऊस खाल्लेलं नक्षीकाम मग वीस वर्षांत बोथट होतं.

जुने गवंडी घाणीत चुना आणि वाळू बैलांकरवी मळून घ्यायचे, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालायचे आणि चुना मुरायला दिवसच्या दिवस ठेवायचे. घाईचं काम नव्हे ते. आज कायदा आहे, प्राचीन स्मारकांसाठीचा राज्याचा १९६०चा अधिनियम आहे, पण तो प्रत्येक गावच्या देवळापर्यंत पोचणं शक्य नाही. तिथे निर्णय घेते ती ग्रामपंचायत किंवा देवस्थानची चार माणसं, आणि त्यांना चुन्याचं काम जाणणारा गवंडी सापडत नाही.

वाईत माघ महिन्यापासून कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो. एकेका घाटाची पाळी येते, नदीकाठी मांडव पडतो, कीर्तनं होतात, जेवणाच्या पंगती बसतात. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी केलेल्या नवसातून तो सुरू झाला असं परंपरा सांगते. उत्सवाच्या आधी घाट धुतात, कुठे काय ढासळलं ते आळीकरांच्या नजरेला येतं आणि वर्गणीचा हिशेब मांडला जातो. त्या हिशेबात मांडव, आचारी, कीर्तनकार यांच्याबरोबर एक ओळ चुन्याच्या गवंड्याची असावी आणि त्याच्या हाताखाली गावातली दोन पोरं शिकायला द्यावीत. एका हंगामाची मजुरी लागेल त्याला. मी माझ्या आळीत हेच मागतो आहे, आणि यंदा निदान पायऱ्यांच्या सांध्यांचं काम सिमेंटवाल्याला द्यायचं नाही, एवढं तरी बैठकीत ठरलं आहे.