वाळवंटातला मुक्काम

गुरुवार, रात्र.

शारजातल्या हमरियाच्या फ्री झोनमध्ये दिवसभर लोखंड, ट्रेलर आणि डिझेलचा वास. त्यामुळे नोव्हेंबरची हवा लागली की मन मोकळ्या जागेकडे धावतं. यंदा मलैहा ठरलं, शारजाच्याच अमिरातीत. मुलांना झोपायची सोय असलेली कॅरॅव्हान हवी होती, पण ती दुबईच्या हत्तासारख्या पक्क्या तळावर बरी; मऊ वाळूत तिचं वजनच तिला रुतवतं. म्हणून फोर बाय फोर आणि तंबू. टायरमधली हवा जवळपास निम्मी करायची, परतताना डांबरी रस्त्यावर पुन्हा भरायची. पिठलं-भाकरी तिथेच करू.

ओढ आहे ती जवळच्या फाया डोंगराची. इथे माणूस सुमारे 2 लाख वर्षांपूर्वी राहून गेल्याच्या खुणा मिळाल्या. 2025 मध्ये हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. पोटासाठी परमुलखात आलेले आम्ही. माणसाच्या इतक्या जुन्या मुक्कामाजवळ मुलांना घेऊन एक रात्र काढायची, हे मला फार मोलाचं वाटतं.

तुम्हीही जाल तेव्हा प्लास्टिकची एकही पिशवी मागे ठेवू नका. उंट त्या खातात, पोटात त्यांचा गोळा होतो आणि ते मरतात.